समज, तू मेलास

मी चौथी पास झालो तेव्हा आमच्या घरी नरसीत गूळ वाटला. नागोरावकाकानं गुळाचा खडा तोंडात टाकला, मला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लई बराबर झालं, पोरा. पण समज, तू मेलास. मग?"

माझ्या तोंडातला गूळ तोंडातच राहिला. आई चुलीपुढून उठून बाहेर आली. "भावजी, लेकरू पास झालं, अन् तुमी हे काय बोलून राहिले?"

"मी कुठं मर म्हणलं?" काका शांतपणे म्हणाला. "मी म्हणलं, समज."

हा काका म्हणजे आमच्या बाचा थोरला चुलतभाऊ. जातीनं आम्ही शिंपी. पण काकाच्या हातात सुई काही टिकली नाही, म्हणून तो हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी झाला. उंच, काटकुळा, आणि उजवा खांदा डाव्याहून चांगला बोटभर खाली उतरलेला. मोंढ्यातले हमाल म्हणायचे, गावच्या मयती उचलून उचलून खांदा उतरला. ते खोटंही नसावं. कुणाच्याही घरी रडारड सुरू झाली, की जिवलगांच्या आधी काका तिथं हजर असायचा. बांबू कुठले आणायचे, सुंभ किती लागेल, मडकं कोण धरेल, हे सगळं त्याच्या जिभेवर.

मापाडी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. ती मोंढ्याची रीतच आहे, मालात बरकत यावी म्हणून. काकाच्या तोंडात ती इतकी बसली होती की तो भाकरीसुद्धा तशीच मोजायचा. "लाभ, दोन, बास."

पण बरकतीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एका अडत्यानं नवी बैलजोडी आणली. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, सगळा मोंढा कौतुकानं बघत होता. काका दोन्ही बैलांभोवती फिरून आला आणि म्हणाला, "समजा, डावा मेला. मग उजव्यानं काय करावं? वाट बघावी?" अडत्या आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. सेनगावला एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यानं नवरीच्या बापाच्या कानात विचारलं, "समजा, जावई मेला. मग?" तिथून त्याला हळदीच्या हातांनी बदडून बाहेर काढलं. तेव्हापासून लग्नाची अक्षत त्याच्याकडे येणं बंद झालं. मयतीचं बोलावणं मात्र कधी चुकलं नाही. पोरं त्याला समजाकाका म्हणायची.

तर माझ्या शाळेचा प्रश्न होता. नरसीची शाळा चौथीत संपायची. पुढं शिकायचं तर हिंगोली. आज कुणी हसेल, पण मला तेव्हा हिंगोली म्हणजे शहर होतं. तिथं आगगाडी यायची, आणि येऊन परत फिरायची, कारण पुढं रूळच नव्हते. कापसाच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा. अमलदार होते, वकील होते, आणि मोठ्या शाळेत सगळं उर्दूतून शिकवायचे. ते शिकलेला माणूस निजामाच्या राज्यात कुठंही खुर्चीवर बसू शकतो, असं आमच्या मास्तरांनी बाला सांगितलं होतं. बाला खुर्चीचं काही नव्हतं. त्याच्या शिलाई मशीनशेजारी एक पाट रिकामा होता, आणि तो पाट मला बघून हसतोय असं मला रोज वाटायचं.

शेवटी बानं निकाल दिला. "या बाजारी हिंगोलीत ऱ्हायला जागा मिळाली तर शाळा. न्हाईतर उद्यापासून काजं करायला बसायचं."

काजं म्हणजे बटनाची घरं. बंडीला काजं, कोपरीला काजं, जन्मभर काजं. मी त्या रात्री देवाला काय काय बोललो ते सांगत नाही.

हिंगोलीत आम्ही पोचलो ते उन्हं चांगली तापल्यावर. मिरगाआधीचं ऊन ते. बाच्या मनात वकिलांची गल्ली होती. शाळा तिथून हाकेवर, घरं दगडी, खिडक्यांना निळा रंग. तिथल्या एका वकिलाचा जुना कोट बानं कधी तरी उसवून उलटा शिवून दिला होता, तेवढ्या ओळखीवर मागच्या अंगाची खोली मिळेल अशी त्याला आशा होती. वाटेत मोंढ्यातून काकाला बरोबर घेतलं. घ्यायला नको होतं. पण थोरल्या भावाला विचारल्याशिवाय बा सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही.

"दादा, घर बघा कसं ऐसपैस हाय," बा म्हणाला.

"घराला काय बघतो, गनपत?" काका म्हणाला. "घराला खांदे असतेत का? समज, पोरगं इथं मेलं. उचलणार कोण? आधी खांदे बघावं, मग घर बघावं."

"आता ते मेल्याबिगर कसं कळंल?"

"मेल्याबिगर न्हाई कळत," काका म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला.

ती नजर मला मुळीच आवडली नाही. काकानं मला वकिलाच्या ओट्याजवळ नेलं आणि सांगितलं, "पोरा, चक्कर आल्यावानी पड. डोळे मिट. मी सांगंस्तोवर हलायचं न्हाई." बा "अहो दादा, अशुभ असतं" म्हणत होता, पण काका म्हणाला, "काजं करायचीत का त्याला?" तेव्हा मी स्वतःच पडलो. दगड असा तापला होता की मेलेला माणूसही उठून बसला असता.

"अहो, धावा!" काका ओरडला. "पोरगं पडलं! पोरगं गेलं!"

बऱ्याच वेळानं एक निळी खिडकी उघडली. "कोणाचा आहे?"

"नरसीच्या शिंप्याचा जी."

"मग नरसीला कळवा," आवाज म्हणाला, आणि खिडकी लागली.

'लाभ' म्हणायला उघडलेलं काकाचं तोंड तसंच राहिलं असणार. माझे डोळे मिटलेले होते, पण त्याचा श्वास मला ऐकू आला. "उठ," तो म्हणाला. "हितं तू मेलास तर कागद होईल, पोरा, मयत न्हाई."

दुसरी गल्ली कापडबाजारामागची, व्यापाऱ्यांची. तिथं मी एका दुकानाच्या पायरीवर पडलो. काकानं आरोळी ठोकायचा अवकाश, माणसं धावली! काकाचा आवाज आनंदानं फुटला. "लाभ! दोन! तीन! चार!" चौघांनी मला अलगद उचललं आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. शेजारच्या दुकानातून चौघं आले. त्यांनी उचलून मला पलीकडच्या दुकानापुढं ठेवलं. भर बाजाराचा दिवस, आपल्या पायरीवर मयत कोणाला हवी? अशा रीतीनं मी बेशुद्ध राहून ती सगळी गल्ली बघितली. शेवटच्या दुकानापुढं गटार होतं, तेव्हा मी आपणहून उठलो.

"उचलतेत," काका खिन्नपणे म्हणाला. "पण ठिवायला उचलतेत. न्यायला न्हाई."

आता बाचा धीर सुटला. "दादा, मग तुमच्याजवळच ठिवा की त्याला."

काका राहायचा तो गावाबाहेर, छावणीत. गोऱ्यांची पलटण तिथं कधीकाळी होती. ती गेल्यावर बंगल्यांची छपरं गेली, मग दारं गेली, आणि एका उरलेल्या तबेल्यात काका गेला. आजूबाजूला बाभळी आणि घोरपडी.

"माझ्याजवळ?" काका म्हणाला. "तिथं मी एकला. लाभ म्हणलं की मोजणी खलास."

हे त्यानं हसवायला म्हटलं नव्हतं. तरी बा हसला, आणि मीही हसलो. मग बा हसायचा थांबला, बाजारात गेला आणि काजाचा दोरा घेऊन आला. पांढऱ्या दोऱ्याची रिळं त्यानं माझ्या हातात दिली. "चल माघारी."

माझं शिक्षण तिथं संपलं होतं. माझ्या वयाच्या पोरानं रस्त्यात रडू नये म्हणून मी खाली बघत चालत होतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. परतीची नेहमीची वाट पिंजारगल्लीतून जायची. पण त्या गल्लीच्या तोंडाशी काका थबकला. "तिकून वळसा घालून जाऊ," म्हणाला. "काहून?" बानं विचारलं, आणि लगेच गप्प बसला, काही तरी आठवल्यासारखा. आतून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज येत होता, टण्ण, टण्ण. तो आवाज लांब लांब जायला लागला एवढंच मला आठवतं. या खेपेला मला कुणी पड म्हणालं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा नाकाला फोडलेला कांदा होता. त्यामागं एक म्हातारी, भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. कुणी तरी माझे तळवे चोळत होतं, कुणी पदरानं वारा घालत होतं. एक रंगारी निळ्या हातांनी माझं डोकं धरून बसला होता. धनुकल्या बंद होत्या. म्हातारीनं मातीच्या भांड्यातलं पाणी माझ्या ओठाला लावलं. बानं एकदा त्या भांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान दुसरीकडे फिरवली.

काका गल्लीच्या तोंडाशीच होता. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. सबंध गल्ली माझ्याभोवती गोळा झाली होती आणि तो काही मोजत नव्हता.

म्हातारी त्याच्यावर ओरडली. "नागोराव! इत्ते सालां बाद आए, और बच्चे कू मारके लाए?"

काकानं मान खाली घातली. तेव्हा बा हळूच म्हणाला, "दादा, तुमचं घर हाय की इथं."

म्हातारीच्या घराला लागून एक बैठं घर होतं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. काकानं धोतराच्या निऱ्या सारल्या आणि कमरेच्या करदोड्याची गाठ सोडायला लागला. करदोड्यात किल्ली होती. सकाळपासून माणूस मला गावभर पाडत हिंडला, आणि किल्ली त्याच्या कमरेला! त्यानं ती बाच्या हातात दिली, स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. कुलूप काही केल्या उघडेना. रंगाऱ्यानं तेल आणलं तेव्हा उघडलं.

असा मी पिंजारगल्लीत राहायला लागलो. हल्ली पोरं शहरात खोली बघताना नळाला पाणी किती येतं, खानावळ किती लांब, हे विचारतात. मीही आता म्हातारा होऊन 'पाणी कसं आहे' असंच विचारतो. दुसरं काही विचारायची हिंमत होत नाही.

त्या म्हातारीचं नाव बानूबी. मी तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. माझी भाकरी जळाली की वास तिला आधी लागायचा, आणि भिंतीपलीकडून ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नवरा गेलेला, मुलगा आणि सून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. थंडीत सगळ्या गल्लीत कापसाची धूळ उडायची, आणि मी शाळेत गेलो की पोरं मला 'बुढ्ढा आया' म्हणायची.

काका दर बाजाराला यायचा. समोरच्या रंगाऱ्याच्या ओट्यावर बसायचा, स्वतःच्या घराकडे पाठ करून. मला हाक मारायचा, अभ्यास विचारायचा, उर्दूतली बाराखडी ऐकायचा आणि म्हणायचा, "बराबर. पण समज, हे राज्यच मेलं. मग ही लिपी कुणाला दाखवणार?" मला तेव्हा तो नुसता वेडेपणा वाटायचा.

एकदा मी खालाला विचारलं, की हे घर असताना काका तबेल्यात काहून राहतो? ती कापूस निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

तिनं जे सांगितलं ते एवढंच. खूप वर्षांमागं गावात गाठीचा ताप आला. उंदीर पडायला लागले, तसा गाव घरांना कुलपं घालून शेताशेतांत झोपड्या टाकून राहायला गेला. काकाच्या बायकोला आधीच तापानं धरलं होतं, म्हणून ती दोघं मागं राहिली. ती गेली. काका गल्लीत दारोदार फिरला. प्रत्येक दाराला कुलूप. मग त्यानं मोंढ्यातली पोती वाहायची हातगाडी आणली, तिच्यावर बायकोला ठेवलं आणि एकट्यानं ढकलत कयाधूच्या काठाला नेलं. परत येऊन घराला कुलूप घातलं आणि छावणीत गेला.

"हमारे दरवाजे कू बी कुलूप था, बेटा," खाला म्हणाली. "लोगां वापस आए. उसकू बुलाने गए, मिन्नतां किए. वो नै आया. पर कबी बुरा बी नै बोला. बोलता तो अच्छा होता."

मी त्या दिवशी जेवलो नाही. गावभर हिंडून माणसांना 'समज, मेलास' विचारणारा हा माणूस मला एकदम कळला, आणि कळल्यामुळं काही बरं वाटलं नाही. त्याला कुणाच्या मरणाची हौस नव्हती. त्याच्याजवळ एकच प्रश्न उरला होता, आणि तो त्याला कुणीही खोटं बोलून का होईना सोडवून द्यायला हवा होता.

मग ते वर्ष आलं. सांगण्यासारखं त्यात फार आहे आणि मला सांगायचं नाही. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. शाळा बंद झाली. हत्यारं घेतलेली माणसं फिरायला लागली, तसे गल्लीतले रंगारी आणि इतर हिंदू घरांना कुलपं घालून सरहद्दीपल्याड वऱ्हाडात गेले. आम्हीही नरसी सोडली आणि वाशीमकडच्या एका नातेवाइकाच्या गोठ्यात राहिलो. काकाला बानं किती विनवलं. तो म्हणाला, "समज, सगळे गेले. मग?" आणि राहिला.

पुढं दिल्लीची फौज आली, राज्य बदललं. आम्ही पेढे खाल्ले. आणि मग उलट दिशेनं कुलपं लागायला लागली. पिंजाऱ्यांची घरं भ्यायली. काही वाईट घडलं होतं, काही घडेल म्हणून भ्यायली, आणि भ्यायलेल्या माणसाला दोन्ही सारखंच. खालाचा मुलगा बायकापोरं घेऊन हैदराबादेकडे निघाला. खाला म्हणाली, माझा नवरा इथल्या मातीत आहे, मी कुठं येऊ? ती राहिली.

शाळा उघडली का ते बघायला मी आणि बा हिंगोलीला गेलो, तेव्हा पिंजारगल्लीत शिरलो. सगळी दारं बंद. धनुकलीचा आवाज नाही. फक्त दोन म्हाताऱ्या माणसांचं भांडण ऐकू येत होतं.

काका स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसला होता. घर आतून सारवलेलं, चूल पेटलेली. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्याच्या आत गेला होता, तो गल्ली रिकामी झाल्यावर.

"दादा," बा म्हणाला, "इथं आता चिटपाखरू न्हाई. काहून आलात इथं ऱ्हायला?"

काकानं शेजारच्या दाराकडे बोट केलं. "समज, म्हातारी मेली. मग?"

"और तू पैले मरा तो?" आतून खाला खेकसली.

 काकाचाच प्रश्न काकाला आजवर कुणी विचारला नव्हता. "तू गप बस, भाबी," एवढंच तो म्हणाला. मी हसलो. शेवटचं हसलो ते तिथं.

शाळा उघडणार होती. पण बा म्हणाला, रिकाम्या गल्लीत पोरगं ठेवणार नाही. गेलेले रंगारी परत येतील की नाही कुणाला ठाऊक. या वेळी वकिलांच्या गल्लीतली मागच्या अंगाची खोली बानं पक्की केली. पिंजारगल्लीत माझी ट्रंक होती, अंथरूण होतं, ते हलवायला आम्ही बैलगाडी घेऊन गेलो. थंडी पडायला लागली होती.

खालाच्या दारात मुजावर बसला होता. दर्ग्यावर दिवा लावणारा, सत्तरी गाठलेला. त्याची बायको आत होती. खाला पहाटे गेली होती.

"काका कुठाय?" मी विचारलं.

"माणसं आणाया गेला," मुजावर म्हणाला.

मी त्याला शोधत गेलो. तो वकिलांच्या गल्लीत होता. त्याच निळ्या खिडकीखाली उभा राहून हाका मारत होता. "अहो, चला! मयत हाय! चला!" या खेपेला ओट्यावर खोटं खोटं कुणी पडलेलं नव्हतं. खिडकी उघडली.

"कोणाची?"

"पिंजाऱ्याची म्हातारी जी. बानूबी."

"मग पिंजाऱ्यांना कळवा."

कापडबाजारामागच्या गल्लीत तो गेला. तिथं माणसं दुकानाच्या आत सरकली. मशिदीकडच्या घरांतून डोळे दिसले, पण दाराबाहेर यायची कुणाची छाती होईना. काका प्रत्येक दारापुढं थांबला. मी त्याच्यामागं होतो, पण त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. शेवटी कारखान्याचा भोंगा झाला, तसा तो वळला आणि मला बघून म्हणाला, "चल."

दुपारपर्यंत त्यानं आणि मुजावरानं कबर खणली. बानं गाडीतून मांजरपाटाचा ताका काढला. गिऱ्हाइकाच्या बंड्यांसाठी आणलेला होता. मुजावराच्या बायकोनं आतून कफनाचं माप सांगितलं तसं त्यानं कापड फाडलं. मग सवयीनं त्याचा हात टोपीत खोचलेल्या सुईकडे गेला. "शिवायचं नस्तं, गनपतराव," मुजावर म्हणाला. बानं हात खाली घेतला, आणि तो माणूस, जो आजाच्या मयतीत रडला नव्हता, भिंतीकडे तोंड करून रडला. आतल्या कामाला कापूस लागला तो खालाच्या घरातलाच होता, तिनंच निवडून ठेवलेला.

जनाजा उचलायची वेळ आली. पुढं मुजावर आणि बा. मागं मी. मी तेव्हा काही उंच नव्हतो, माझ्या बाजूला जनाजा कलायला लागला. काका माझ्या जोडीला आला आणि त्यानं आपला उतरलेला उजवा खांदा खाली घातला. आम्ही दोघं बरोबर सारखे झालो. तेव्हा मला ऐकू आलं, तो तोंडातल्या तोंडात मोजत होता.

"लाभ. दोन. तीन." मग दम घेऊन, "चार."

गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंना कुलपं होती. काकानं एकाही कुलपाकडे पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. मुजावर आपल्या दर्ग्याकडे गेला. बा गाडी जुंपायला लागला. ट्रंक वर चढवलेली होती, अंथरूण दोरीनं बांधलेलं होतं. काका आपल्या ओट्यावर बसला होता, शेजारच्या दाराला त्यानं स्वतःच कुलूप घातलं होतं. हाताला कबरीची माती तशीच होती.

"समज," तो म्हणाला, "आता मी मेलो."

मी थांबलो. त्याचं पुढचं यायचं होतं. इतकी वर्षं ऐकलेलं, बैलांबद्दल, जावयांबद्दल, माझ्याबद्दल, राज्याबद्दल. पण तो दारापुढच्या धुळीकडे बघत राहिला. 'मग?' त्यानं विचारलं नाही.

बानं बैलांच्या मानेवर ठेवलेलं जू परत काढलं. गाडीवर चढला, अंथरुणाची दोरी सोडली, ट्रंक ओढून खाली घेतली आणि माझ्याकडे दिली. "आत ठेव," म्हणाला.

"काहून?" काकानं विचारलं.

 मी ट्रंक उचलून काकासमोरून उंबऱ्याच्या आत नेली आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी ओट्यावर बसलो.  मग मातीनं भरलेलं बोट काकानं आधी आपल्या छातीला लावलं.

"लाभ," तो म्हणाला. मग बोट माझ्या गुडघ्यावर टेकवलं. "दोन."

आणि बोट तसंच धरून गल्लीत इकडून तिकडे बघत राहिला. बा नरसीला माघारी जाणार होता. पुढं मोजायला कोणी नव्हतं.